मैल्याचा माग

सरकारी प्रयोगशाळेतून गावोगाव जाणारी पाण्याच्या नमुन्याची बाटली रिकामी दिसली तरी रिकामी नसते. तिच्या तळाशी थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बाटलीत शिरल्यावरही आपले काम थांबवत नाही. गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी येईपर्यंत तो उरलेसुरले जिवाणू मारत राहील, आणि लोक जे पाणी प्याले त्यापेक्षा चांगले पाणी अहवालात उतरेल. म्हणून तो बाटलीतच निकामी करायचा. नळाचे तोंड आधी ज्योतीने भाजून घ्यायचे, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचे, बूच काढताना आत बोट लागू द्यायचे नाही, बाटली बर्फात ठेवायची आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत तपासणीला घ्यायची. यातले एक जरी चुकले तरी पुढची सगळी मेहनत फुकट.

पुढचे काम चिकाटीचे. जांभळ्या रंगाचे मॅकॉन्की ब्रॉथ भरलेल्या नळ्यांत ठराविक मापाने पाणी सोडायचे आणि त्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. एकदोन दिवसांनी ज्या नळ्या पिवळ्या पडल्या आणि ज्यांच्यातल्या उपड्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरला, त्या मोजायच्या. मग खात्रीसाठी ४४ अंशांवर पुन्हा तपासणी. शेवटी कोष्टकावरून एक आकडा निघतो, १०० मिलिलिटर पाण्यात इतके जिवाणू. त्याखाली वरिष्ठ शास्त्रज्ञाची सही होते आणि विहिरीचे पाणी पिण्यास योग्य की अयोग्य हे ठरते.

एवढ्या खटाटोपात पटकीचा जंतू कुणी शोधलेला नसतो, टायफॉइडचा नसतो, काविळीचा तर नाहीच. शोध असतो एकाच गोष्टीचा: या पाण्यात माणसाचा किंवा जनावराचा मैला उतरला आहे का? पाण्याला हाच प्रश्न विचारायचा हे ठरायला निम्मे शतक गेले, आणि त्यातला मोठा भाग भारतातल्या तळ्यांच्या, नद्यांच्या आणि विहिरींच्या काठी घडला.

त्याआधी पाणी तपासणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम होते. लंडनमध्ये एडवर्ड फ्रँकलंड १८६५ पासून दर महिन्याला शहराच्या पाण्याचे पृथक्करण करत होते. पाण्यातला सेंद्रिय कार्बन आणि नायट्रोजन ते मोजत, जे. ए. वँकलिन यांनी १८६७ मध्ये अमोनियावर आधारलेली सोपी रीत पुढे आणली आणि दोघांचे कडाक्याचे भांडण जुंपले. मुंबईत हे काम ‘केमिकल ॲनालायझर’ या सरकारी पदाकडे होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आय. बी. लायन या पदावर होते. न्यायवैद्यकावरच्या त्यांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी राहिले. विषप्रयोगाच्या खटल्यातला व्हिसेरा आणि पिण्याचे पाणी ही दोन्ही कामे त्या काळात सरकारी रसायनतज्ज्ञाच्याच टेबलावर येत.

मुंबईला या तपासणीची निकड होतीच. १८५४ च्या टंचाईने शहर हादरले होते. मिठी नदी अडवून बांधलेल्या विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तोपर्यंत सगळी भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर होती. पण रसायनशास्त्राच्या पद्धती इथे सरळ लागू पडत नव्हत्या. लघवीत मीठ असते, म्हणून गोड्या पाण्यात क्लोराइड वाढले की सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यावा, असा इंग्लंडमधला आडाखा. कोकणच्या किनाऱ्यावरच्या विहिरीला तो लावला तर समुद्राच्या खारेपणालाच सांडपाणी समजण्याची पाळी येते. दुसरे असे की, रसायनशास्त्र पाण्यात काय मिसळले होते हे सांगे. त्यात जिवंत काय आहे हे त्याला सांगता येत नव्हते.

जिवंत काय आहे हे मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा एक माणूस होता: ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले सर्जन हेन्री जॉन कार्टर. १८५० च्या दशकात त्यांनी मुंबईतल्या तळ्यांतल्या सूक्ष्मजीवांवर लिहिले. भायखळ्याच्या शाळेतल्या मुलांना नारू होतो आणि ती ज्या तळ्यात आंघोळ करतात त्यात बारीक कृमी आढळतात, या दोन गोष्टींची त्यांनी सांगड घातली. कृमी कातडीतून शिरतात हा त्यांचा तर्क चुकला. १८७० च्या सुमारास फेडचेंको यांनी तुर्कस्तानात दाखवले की, नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात वाढतात. पुढे परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीतले डॉ. तुरखुड यांनी, नारू सायक्लॉप्समधून माणसापर्यंत कसा पोचतो यावर प्रयोग केले. कार्टर यांचा तर्क चुकला तरी पाण्याकडे बोट दाखवणे चुकले नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाला माणूस पाय बुडवून उभा राहतो आणि तेच पाणी बाकीचे पितात, हे कळल्यावर उपाय सोपे होते: पायऱ्या बंद करा, पाणी फडक्याने गाळा. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. लस नाही, औषध नाही; पाण्याकडे नीट पाहून संपवलेला हा रोग आहे, आणि या इतिहासातले हे सर्वांत निर्मळ यश.

पटकी इतकी सोपी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख इजिप्तमधून कलकत्त्याला आले. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा काढला, आणि फेब्रुवारी १८८४ मध्ये शहराच्या कडेच्या एका वस्तीत तो त्यांना तळ्यातही सापडला. तळ्याभोवती सतरा माणसे पटकीने गेली होती. त्याच तळ्यात लोक आंघोळ करत, मेलेल्यांचे कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. तरीही हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्याने हा पुरावा मनावर घेतला नाही. पटकी हवेतून, मातीतून, ऋतुमानातून येते अशी वरिष्ठांची ठाम समजूत होती, आणि पाण्यामुळे ती पसरते असे मान्य केले तर जहाजे अडवावी लागतील, व्यापार खोळंबेल, ही भीतीही होती. विज्ञानाचा अहवाल सत्तेला गैरसोयीचा असला की तो किती वर्षे बाजूला पडू शकतो, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण शोधावे लागेल.

कॉख यांच्या शोधात पाणी तपासणाऱ्यांसाठी एक अडचणही दडलेली होती. साथ ओसरू लागली तसे तळ्यातले जंतूही कमी होत गेले. म्हणजे रोगाचा जंतू पाण्यात सापडतो तो साथ भरात असताना. तो सापडेपर्यंत माणसे मेलेली असतात. आधी सावध करायचे असेल तर दुसरे काहीतरी शोधायला हवे.

आग्र्याला १८९२ मध्ये आलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी या प्रश्नाला रसायन आणि जिवाणू अशा दोन्ही अंगांनी हात घातला. वायव्य प्रांत आणि अवध यांचे ते केमिकल एक्झामिनर आणि बॅक्टेरिऑलॉजिस्ट. वय सत्तावीस, केंब्रिजचे शिक्षण, पॅरिसच्या पाश्चर संस्थेची ओळख. जिवाणूशास्त्राच्या भारतातल्या पहिल्या काही सरकारी प्रयोगशाळांत त्यांच्या आग्र्याच्या प्रयोगशाळेचे नाव घेतात. १८९३ मध्ये हाफकिन पटकीची लस घेऊन भारतात आले, तेव्हा आग्र्यात त्यांना आधार मिळाला तो हँकिन यांचाच.

नदीच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडून ते किती वेळ टिकतात हे हँकिन यांनी पाहिले. गंगेच्या पाण्यात ते तीन तासांच्या आत मेले. पाणी उकळून घेतले तर हा गुण नाहीसा होई. पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात १८९६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी भारतात फिरत असलेल्या मार्क ट्वेन यांनी हा प्रयोग आपल्या प्रवासवर्णनात घेतला आणि तो जगभर पोचला. वीसेक वर्षांनी जिवाणू खाणारे विषाणू माहीत झाले, तेव्हा हँकिन यांनी तेच पाहिले असावेत असे अनेकांनी लिहिले. अलीकडच्या काही संशोधकांना ते पटत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. गंगेला श्रद्धेने नमस्कार करणाऱ्यांनी या प्रयोगाचा जो अर्थ काढला तो हँकिन यांनी काढला नाही. प्रयोगशाळेच्या भांड्यात घातलेले जंतू मरतात म्हणून घाटावर मैला सोडलेले पाणी प्यावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्याच वर्षांत ते गावोगावच्या विहिरी निर्जंतुक करायच्या मागे लागले होते.

त्यासाठी त्यांनी निवडले पोटॅशियम परमँगनेट. बादलीभर पाण्यात विरघळवून ते विहिरीत ओतायचे आणि पाणी गुलाबी होऊन तसे राहीपर्यंत ओतत जायचे. पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त तितके औषध जास्त खपते आणि रंग लवकर उडतो. रंग टिकला की मात्रा पुरेशी झाली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही वाचता येईल अशी ही चाचणी होती. विहिरीतले हे लाल औषध नंतरची कित्येक दशके देशभर जत्रांत आणि साथींत वापरले गेले. पुढे ब्लीचिंग पावडर जास्त खात्रीची ठरली आणि हे मागे पडले.

दुसरीकडे युरोपात शोधाची दिशाच बदलत होती. १८९२ मध्ये हॅम्बर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून जास्त माणसे मेली. त्याच एल्ब नदीचे पाणी, पण वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना शहर बऱ्याच अंशी वाचले. जंतू कोणते हे न विचारता ते किती हे मोजूनही गाळणीवर नजर ठेवता येते, हे त्यातून पटले. मग प्रश्न आला की मोजायचे कोणते. थिओडोर एशेरिच यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचात एक जिवाणू पाहिला होता. निरोगी माणसाच्या आतड्यात तो अगणित असतो. म्हणून पाण्यात तो सापडला तर कुणाचा तरी मैला तिथवर पोचला आहे असे धरायचे. आज तो मैला निरोगी माणसाचा असेल, उद्या रोग्याचा असू शकतो. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी १९०० च्या सुमारास माध्यमात पित्तक्षार मिसळले. पित्त सहन करणारे, म्हणजे आतड्यात राहायची सवय असलेले जिवाणूच त्यात वाढतात. प्रयोगशाळांतल्या त्या जांभळ्या नळ्यांना आजही त्यांचेच नाव आहे.

चोर न शोधता त्याच्या सोबत्याचा माग काढण्याची ही रीत अचूक होती. भारतात मात्र ती जशीच्या तशी चालेना. इथल्या उन्हात, इथल्या उघड्या तळ्यांत हे जिवाणू इंग्लंडपेक्षा वेगळे वागतात. काही जाती लवकर मरतात, काही चिवटपणे टिकतात. डब्ल्यू. डब्ल्यू. क्लेमेशा यांनी उष्ण कटिबंधातल्या पाण्याच्या जिवाणूशास्त्रावर १९१२ मध्ये कलकत्त्याहून ग्रंथ काढला, त्याचा सूर हाच होता: लंडनची मोजपट्टी इथे लावू नका. भारतातल्या सार्वजनिक प्रयोगशाळांनी परक्या प्रमाणांशी घातलेला हा वाद आज कुणाच्या स्मरणात नाही, हे खरोखर वाईट आहे.

याच काळात महाराष्ट्रात पाण्याच्या शुद्धतेचा एक फार वेगळा खटला उभा राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. मुंबई विधिमंडळातल्या बोले यांच्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने हे तळे आधीच सर्वांना खुले केले होते. तरीही सवर्णांनी ‘बाटलेले’ पाणी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून शुद्ध केले. कोणत्याही प्रयोगशाळेत शेण मिसळलेले पाणी दूषितच ठरले असते. माणसाच्या ओंजळीचा स्पर्श मात्र तिथल्या कोणत्याही नळीत दिसला नसता. मामला न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. पाणी तपासणाऱ्याच्या कामात हा प्रसंग का घ्यावा, असे कुणी विचारेल. घ्यायला हवा, कारण गावातली कोणती विहीर कुणाची हे माहीत असल्याशिवाय नमुना कुठून घ्यायचा हेच कळत नाही. ज्यांच्या वाट्याला गावाचा शेवटचा, नाल्याकाठचा झरा आला, त्यांचे पाणी तपासायला सर्वांत शेवटी गेले.

सोबत्याच्या मागावर जाण्याची मर्यादा उघड झाली ती दिल्लीत. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादच्या उपशापर्यंत आले. पाणी गढूळले, तुरटी आणि क्लोरीन जास्त लागू लागले, हे जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसांच्या लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा परिणाम झाला: शहरात टायफॉइड वाढला नाही, आमांश वाढला नाही. पण काही आठवड्यांनी, डिसेंबर आणि जानेवारीत, काविळीची लाट आली. पाहणीत सुमारे २९,३०० रुग्णांचा अंदाज निघाला. गरोदर बायकांमध्ये आजार जास्त जीवघेणा ठरला. जिवाणू मेले होते, विषाणू वाचला होता. जिवाणूंवर बेतलेल्या चाचणीला तो दिसण्याची सोयच नव्हती.

तो विषाणू कोणता, हे कळायला पाव शतक लागले, आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. दिल्लीच्या त्या साथीतले रक्तजलाचे नमुने जपून ठेवलेले होते. अमेरिकेतले डोरिस वाँग आणि रॉबर्ट पर्सेल, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले श्रीनिवासन, प्रसाद आणि संस्थेच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांनी १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की, दिल्लीची आणि पुण्यात १९७८-७९ मध्ये आलेली कावीळ ‘ए’चीही नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती. काश्मीरच्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही त्याच वर्षी हेच सांगितले. १९८३ मध्ये मॉस्कोचे मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, आजारी पडून, तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आज त्याला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात. १९८१ मध्ये कोल्हापूरला, २०१२ मध्ये इचलकरंजीला त्यानेच पिवळे केले. दोन्ही गावे पंचगंगेची.

दिल्लीनंतर तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. तिने हाताळलेल्या प्रश्नांत मैल्याशी काहीही संबंध नसलेला एक प्रश्न होता. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या पोदिली भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हाडे ताठरलेली माणसे पाहिली. शेतकऱ्यांना हा त्रास त्याआधी बैलांच्या चालीवरून जाणवला होता. हे पाणी खडकातूनच तसे येते, दिसायला नितळ, जिवाणूंच्या चाचणीत निर्दोष. नीरीने त्यावर काढलेला उपाय नळगोंडा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो: चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी घ्यायचे. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडचा प्रश्न अजूनही आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही त्याची स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

पण खरी अडचण अंतराची होती. प्रयोगशाळा जिल्ह्याला, विहीर डोंगरापलीकडे आणि हातात चोवीस तास. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, त्याला या इतिहासात मानाचे स्थान द्यायला हवे. रसायनात भिजवून वाळवलेला कागदाचा तुकडा निर्जंतुक बाटलीत ठेवायचा, पाणी भरायचे आणि बाटली उबेला ठेवून द्यायची. मैल्यातले जिवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन पाणी काळे पडते. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर इनक्युबेटरही नको. आकडा मिळत नाही, पण ‘हे पिऊ नका’ एवढे गावातल्या गावात कळते. हँकिन यांच्या गुलाबी विहिरीनंतर सामान्य माणसाला डोळ्यांनी वाचता येणारी इतकी साधी चाचणी ही पहिलीच.

महाराष्ट्रात आज हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकापासून सुरू होते. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणे, उरलेल्या क्लोरीनच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते का पाहणे, नमुना भरून पाठवणे ही त्याची कामे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना तपासणीचा संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. पाणी भरणारीच आता ते तपासू शकते, आणि हा बदल उशिरा आला तरी मोलाचा आहे.

आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. संशय पाण्यावर गेला आणि तपासणीची गाडी आधी वळली ती परिसराला पाणी पुरवणाऱ्या नांदेडच्या विहिरीकडे. बाटल्या भरल्या गेल्या, उरलेला क्लोरीन पाहिला गेला, ई. कोलाय मोजला गेला. घरोघरी जार पोचवणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचेही नमुने घेतले गेले आणि त्यांतले अनेक प्रकल्प महापालिकेने बंद केले. ते पाणी लोक पैसे मोजून घेत होते, कारण नळाच्या पाण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि जारचे पाणी रोज तपासणारे त्या दिवसापर्यंत कुणी नव्हते.